डुक्कर मारणारा गुणाजी आणि चिकूवरची खार

कोपरीतल्या गुणाजीच्या घरात दोन गोष्टींना हात लावायची कोणाची टाप नव्हती. एक भिंतीवरची ठासणीची बंदूक, दुसरी त्याची डुकराची गोष्ट. बंदूक निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा व्हायची आणि निकाल लागला की परत घरी यायची. गोष्ट मात्र बारमाही. पंचावन्न वर्षांपूर्वी भातात घुसलेलं रानडुक्कर गुणाजीनं एका बारात कसं लोळवलं, हे भावकीतल्या प्रत्येक हळदीत पहिली पंगत बसायच्या आत सांगून व्हायचं. पुढे शेत गेलं, त्यावर सात मजली इमारत आली, डुक्कर तेवढं दरवर्षी वाढत राहिलं.

उरलं होतं अंगणातलं चिकूचं झाड, आणि यंदा त्यावर एक खार येऊन बसली. चिकू झाडावरच पिकला पाहिजे, असा गुणाजीचा हट्ट. खारीचंही अगदी तेच मत होतं. रोज सकाळी झाडाखाली कुरतडलेल्या चिकूंचा सडा.

आठव्या दिवशी त्याच्या बायकोनं, शेवंतीनं, तो सडा सुपात भरून त्याच्यापुढे ठेवला.

"डुक्कर मारणारे ना तुमी? मग या झाडाचा एक अख्खा चिकू मना खायला घाला. नायतर परवा अक्षदाच्या हळदीत डुकराचं नाव काढायचं नाय!"

अक्षदा म्हणजे नात. हळदीला साडेचारशे माणूस. गोष्ट गेली तर त्या मांडवात म्हाताऱ्याला विचारतंय कोण? गुणाजी तडक उठला.

त्यानं बंदूक उतरवली.

"अवं, रामानं हात फिरवलाय खारीच्या पाठीवर!" शेवंती ओरडली.

"मारत नाय गं. नुसती भेव दाखवतो."

छर्रे कधीच संपले होते, म्हणून त्यानं उसळीचे वाटाणे घेतले. ओटीवर बसून वाटाणे नळीत ओतले, वर चिंधी घालून गजानं ठासली, मग बाटलीतली जुनी बंदुकीची दारू ओतली. दुसरी चिंधी घ्यायला वळला तर चिंधी गायब! खार ती तोंडात धरून घरट्याकडे निघाली होती. त्यानं आणखी एक फाडली. तीही गेली. शेवटी अंगातल्या बनियनचाच तुकडा फाडून ठासला, तोवर खार समोरच्या फांदीवर चिकू घेऊन निवांत बसली होती.

गुणाजीनं नेम धरला, डोळे मिटले आणि घोडा ओढला.

टिक.

पुन्हा ओढला. टिक. खारीनं साल थुंकली.

लसूण सोलणाऱ्या शेवंतीनं मानही वर केली नाही. "वाटाणे आधी भरलेत तुमी. आधी दारू, मग चिंधी, मग छर्रे, मग परत चिंधी."

"तुला गं काय ठाऊक?"

"डुकराच्या टायमाला बार कोणी भरलेला? आनि उडवलेला कोणी? तुमी तर बांधावरच्या आंब्यावर चढलेले."

गुणाजीनं बंदूक खाली ठेवली. इतक्या वर्षांत तिनं हे एकदाही काढलं नव्हतं. दर हळदीत भाकऱ्या वाढता वाढता ती गोष्ट ऐकायची आणि पुढे जायची. त्याला मनापासून लाज वाटली.

"मग बोलली का नाय कधी?"

"तुमी सांगता झ्याक. मना येवढं रंगवता येत नाय."

मग तिनं तांदळाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला आणि दोन मऊ, अख्खे चिकू काढले. खार आली त्याच दिवशी तिनं ते कच्चेच उतरवून तांदळात पुरले होते. एक तिनं खाल्ला, एक त्याच्या हातावर ठेवला.

हळदीच्या मांडवात पोरंसोरं ओरडली, "आबा, डुक्कर!" गुणाजीनं शेवंतीकडे बघितलं. ती भाकऱ्या वाढतच राहिली. तो उभा राहिला. यंदा डुक्कर म्हशीएवढं झालं होतं. ते फुरफुरत आलं, भात तुडवत आलं, पाच पावलांवर आलं, आणि बार उडाला.

"उडवला कोणी?" गुणाजी म्हणाला. "माझ्या शेवंतीनं!"

मांडवात शिट्ट्या, टाळ्या, नुसता कल्ला. हातात भाकरीची टोपली घेतलेली शेवंती लाजून लालबुंद झाली, पण तिथूनच तिनं आवाज दिला, "आनि तुमी कुठं होते, ते पन सांगा!"

"मी?" गुणाजीनं छाती फुगवली. "मी आंब्यावरून नेम सांगत होतो!"