सायकलच्या दुकानातलं नाव

मी एका माणसाचं नाव बोलतोय. कुठलं, ते विचारू नका. मी ज्यांचा होतो, ते मास्तर आता हाक मारली तरी ओ देत नाहीत.

माझा जन्म सायकल दुरुस्तीच्या दुकानातल्या कम्प्यूटरवर झाला. दुकानदार एका बोटाने टाइप करणारा. मास्तर आले की दरवेळी नवी ओळ उघडून तो मला पुन्हा अख्खा लिहायचा. ब्रेक ढिले, तिथे मी. चेन उतरली, तिथे मी. पेडल मोडलं, तिथेही मीच. मास्तर एक, सायकल एक आणि मी पाच ओळींत! छाती फुगणारच.

मग मास्तर गेले. कम्प्यूटरला कोण कळवणार? सर्व्हिसिंगची आठवण करून देणारा मेसेज प्रत्येक ओळीतून त्यांच्या घरच्या फोनवर जातच राहिला.

एके दिवशी मास्तरांच्या पत्नी दुकानात आल्या.

“अहो भाऊ, ते नाहीत हे तुम्हाला ठाऊक आहे ना? मग पाच-पाच आमंत्रणं कसली?”

दुकानदार ओशाळला. वरच्या ओळीत मला खोडून त्याने बाईंचं नाव लिहिलं आणि हात झटकले. पुढच्या महिन्यात चार मेसेज मला आले, एक त्यांना.

शेवटी त्याच्या भाचीने कम्प्यूटर ताब्यात घेतला. “मामा, एकच गोष्ट पाच जागी लिहिलीस, तर बदलायचीही पाच जागी!” तिने ग्राहकांचं वेगळं टेबल, म्हणजे तक्ता, केला. दुरुस्त्यांच्या ओळींत आता नुसता ग्राहकाचा नंबर; नाव त्या तक्त्यातून आपोआप दिसायचं. ग्राहकाच्या जागी तिने बाईंचं नाव लिहिलं, त्यांना बोलावलं आणि कौतुकाने स्क्रीन त्यांच्याकडे वळवला. जुन्या पाचही दुरुस्त्या त्यांच्या नावावर!

“पेडल मी मोडलं? मला सायकल येते तरी कुठे!”

भाची हसली. बाई हसल्या नाहीत.

“मेसेज मला पाठव गं. पण त्या पाच वेळा ते आले होते. ते तसंच राहू दे.”

भाचीने बॅकअपमधून मला परत आणलं. “काकू, आता कोणाला कळवायचं, ते एकाच जागी. त्या दिवशी कोण आलं होतं, ते त्या-त्या ओळीत. ते बदलायचं नाही.”

“म्हणजे माझंच बरोबर होतं!” मामा खूश.

“अर्धं. तेही चुकून.”

आता मला कोणी मेसेज पाठवत नाही, आणि माझी तक्रारही नाही. मागणं एवढंच, की टेबलं आवरायच्या उत्साहात मला माझ्या पाच ओळींतून हलवू नका.

परवा सहावी ओळ लिहिली गेली. तिच्यात मी नाही. नाव बाईंचं आहे, आणि पुढे काम लिहिलंय: सीट खाली घेणे.