नमुन्याची खिडकी

माझ्या दिराला सगळे फुगा म्हणतात. नाव मीच ठेवलं. काचेला फिल्म लावायला शिकत होता तेव्हा त्याच्या कामात इतके बुडबुडे राहायचे की एका गिऱ्हाइकाने विचारलं होतं, "बाई, ही काच आहे की सोड्याची बाटली?" मी लग्न होऊन आले तेव्हा तो शाळेत होता. हे गेल्यावर धंदा आम्ही दोघांनीच ओढला. साबणाचं पाणी किती मारायचं, फिल्मच्या मागचं अस्तर कसं सोलायचं, रबरी पट्टी मधून कडेला कशी ओढायची, सगळं मी हाताला धरून शिकवलं. काम चालू असताना पंखा लावला म्हणून एकदा पाठीत धपाटाही घातला होता. पंख्याने धूळ उडते आणि फिल्मखाली बसलेला एक कण गिऱ्हाइकाला सात जन्म दिसतो.

गेले काही दिवस त्याची पाठ धरली होती. तो घरी पडून आणि मी एकटी शिडीवर. सकाळी त्याच्या पाठीला मलम चोळायचं आणि मग कामाला निघायचं. अशात वाचनालयाचं काम कानावर आलं. प्रत्येक मजल्यावरच्या सगळ्या खिडक्या. जेवताना मी त्याला म्हटलं, "हे मिळालं तर वर्षभर दारोदार हिंडायला नको."

"तुम्हालाच मिळणार वहिनी," तो म्हणाला आणि आणखी वाढून घेतलं.

मला हातातली कामं संपवून जायला दोनतीन दिवस लागले. ग्रंथपाल बाई चांगल्या होत्या. म्हणाल्या, "ताई, जरा उशीर केलात. परवाच एक जण येऊन एक खिडकी नमुना म्हणून करून गेले. बघून घ्या, याहून चांगलं जमत असेल तर बोलू."

बघितली. केस नाही, कण नाही, बुडबुडा नाही. मनात म्हटलं, कोण आहे बाबा हा, आपल्या पोटावर पाय देणारा. मग माझी नजर कोपऱ्यावर गेली. बहुतेक जण कोपरा सरळ कापून मोकळे होतात. मी ब्लेडच्या टोकाने तो जरासा गोल करते, म्हणजे पुसणाऱ्याचं फडकं अडकून फिल्म उचलत नाही. इथे चारही कोपरे तसेच होते. ती सवय मी आजवर एकाच हाताला लावली आहे.

मला आधी राग आला तो मलमाचा. आज सकाळीही चोळून आले होते, आणि तो डोळे मिटून कण्हत होता, मेला. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. मी त्याला समोर बसवून जेवू घातलं आणि त्याने माझ्याच ताटावरून उठून माझंच काम पळवलं.

तशीच परत फिरणार होते. पण खिडकी पश्चिमेची होती आणि फिल्म काळीभोर. सवयीने मोबाईलचा दिवा काचेजवळ धरला. एकेरी काचेत दिवे दोन दिसतात, दुहेरीत, म्हणजे मधे हवा ठेवून जोडलेल्या दोन काचांत, चार. चार दिसले. दुहेरी काचेला आतून गडद फिल्म लावली की मधला भाग उन्हाने तापतो, चौकटीतल्या कडा गार राहतात, आणि एखाद्या दुपारी काच तडकते. म्हणून आधी दिवा धरायचा, मग फिल्म निवडायची. हे मी त्याला पहिल्या दिवशी शिकवलं होतं. खिडकीखाली बुटक्या खुर्च्या होत्या, टेबलावर चित्रांची पुस्तकं पसरली होती. दोन मुली एकाच पुस्तकात डोकं घालून बसल्या होत्या.

तरी मी त्याची बाजू घेतली, मनातल्या मनात. लपूनछपून केलेलं काम, घाईत विसरला असेल. बाईंना एवढंच सांगितलं, "ही फिल्म आजच काढा. काच तडकेल." बाईंनी मुलींना आधी दुसऱ्या टेबलाशी बसवलं, मग त्याला फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"तडकेल? कोण म्हणतं?" फुगा हसला. "वहिनी आल्यात वाटतं. त्यांचं मनावर घेऊ नका हो. वय झालंय, नजरही गेलीये. दुसऱ्याच्या कामात खोट काढायची सवय आहे त्यांना. आम्ही घरचे सांभाळून घेतो."

बाईंनी माझ्याकडे बघितलं नाही. मी फोन हातात घेतला, स्पीकर बंद केला आणि बाजूला जाऊन कानाला लावला.

"फुग्या, दिवा धरून बघितला होतास का?"

तो हळूच म्हणाला, "बघितला होता."

"मग?"

"दुहेरी आहे, माहितीये मला. काम हातात येईपर्यंत टिकली असती. मग बदलून फिकट लावली असती. बाईंना गडद आवडली, वहिनी, मी काय करणार? सगळीकडे तुमचंच नाव घेतात. एक काम मला माझ्या नावावर हवं होतं."

"खाली मुलं बसतात."

"ऊन अजून एवढं कुठे तापलंय," तो म्हणाला. "घरी बोलू ना आपण."

काम चोरलंस ते मी गिळलं असतं. म्हातारी म्हणालास, तेही. रडून, भांडून, चार दिवस अबोला धरून पुन्हा तुला जेवायला वाढलं असतं. पण माहीत असून तू ती काच त्या पोरींच्या डोक्यावर ठेवलीस. हे मी मोठ्याने बोलले की नाही, आठवत नाही. फोन बंद केला ते आठवतं.

फिल्म ताजी होती, आतलं पाणी सुकलं नव्हतं. ब्लेड घालून एक कडा सोडवली आणि ती अखंड सोलून निघाली. इतकं सुबक काम मी कधी काढून टाकलं नव्हतं. गोळा करून पिशवीत कोंबलं आणि काच पुसून घेतली.

"काम तुम्हीच करा ताई," बाई म्हणाल्या. "फक्त एवढ्या मोठ्या काचा, फिल्मचं दुसरं टोक धरायला कोणी लागेल ना? दीर येतील का तुमचे?"

त्या बिचाऱ्या सरळ मनाने विचारत होत्या. इतकी वर्षं दुसरं टोक कोण धरणार हा प्रश्नच मला पडला नव्हता.

"नाही," मी म्हटलं. "बाहेरचा माणूस बघते." आणि मग मला रडू आवरेना.