हसतानाचा एकच फोटो

निवृत्त सैनिक. नंतर बँकेत पहारेकरी. दरोडेखोरांची गोळी त्याने छातीवर घेतली. आतली माणसं वाचली.

मंत्री म्हणाले, "पहारेकरीच तो. त्याचाच पगार घेत होता ना?"

शहर खवळलं. तुम्हीआम्हीही खवळलो.

फलक छापणाऱ्याच्या दुकानात पाय ठेवायला जागा उरली नाही. कार्यकर्त्यांनी सैनिकाच्या घरून फोटो आणला होता. सहलीतला. तो खळखळून हसतोय, शेजारी बायको. छापणाऱ्याने फोटो संगणकात घेतला. बायकोला कापलं. अंगावर गणवेश चढवला, त्याला कधी न मिळालेली पदकं लावली. हसरा हुतात्मा निषेधाला शोभेना, म्हणून ओठ मिटवले. आणि घाईत, सवयीने, त्याच फाइलवर सेव्ह केलं.

साठ फलक. प्रत्येकावर: आम्ही विसरणार नाही!

मंत्र्याला घाम फोडला आपण, असं छापणारा घरी छाती फुगवून सांगत होता. मंत्र्यांनी माफी मागितली. फलक उतरले. शहर आपल्या कामाला लागलं.

आठवड्याने, दुपारी, एक बाई दुकानात आली. फलकावरच्या माणसाची बायको. फोटो परत हवा होता. कार्यकर्ते म्हणाले होते, मोर्च्यात हरवला, दुकानात विचारा. हसतानाचा तेवढा एकच. एरवी कॅमेरा दिसला की तोंडावर हात; दातावर दात चढलेला, म्हणून लाजायचे.

छापणाऱ्याने फाइल उघडली. मिटलेले ओठ. जुनी शोधली. सगळीकडे शोधली.

नव्हती.

"थांबा वहिनी, मी हसवतो त्यांना."

ती स्टूल ओढून बसली. सांगत गेली, तो काढत गेला. डावा दात पुढे. अजून जरा. डोळे बारीक व्हायचे, अगदी रेघ. तासाभराने पडद्यावर एक माणूस हसत होता.

"राहू द्या, भाऊ," ती म्हणाली. "चांगला आहे. पण ह्यांना मी ओळखत नाही."

"चुकलं माझं. पण राग खरा होता हो आमचा."

"असेल की. मंत्री म्हणाले, पगारी माणूस. तुम्ही म्हणालात, हुतात्मा. माणूस कसा होता, कुणीच विचारलं नाही. फोटो न्यायला आलेले उंबऱ्यावरूनच परत गेले. मी पाण्याचे पेले भरून ठेवले होते."

छापणाऱ्याने मशीन बंद केलं. दुकान एकदम शांत झालं.

"कसे होते?"

"घोरायचे," ती म्हणाली. मग, "भांडण रंगात आलं की आधी हसायचे. हसले की हरायचे. मुद्दाम हरायचे, हे मला आत्ता कळतंय."

वाचकहो, निषेध जरूर करावा. निर्दय बोलणाऱ्याला जाब विचारलाच पाहिजे. पण ज्याच्या नावाने आपण घसा फोडतो, त्याच्या घरात आधी दोन घटका बसावं. तिथे कुणीतरी सांगायला थांबलेलं असतं. ते न ऐकता केलेला सन्मानही माणसाला पुसूनच टाकतो.

ऊन उतरलं तेव्हा ती उठली. दारात थांबली.

"उद्या येऊ? अजून पुष्कळ आहे."