टीका हवी आहे

काटेसाहेबांना या सगळ्या खटाटोपातून मिळवायचं होतं ते फक्त एक वाक्य. फार तर दीड. दुसऱ्या पारड्यात काय होतं ते मांडून पाहिलं असतं तर कुणीही म्हणालं असतं, साहेब, नाद सोडा. मोतीबिंदू काढलेले डोळे, पुस्तकाच्या दुकानाच्या चौतीस पायऱ्या, दोन कुरकुरणारे गुडघे, आणि आपल्याला शास्त्रातलं चार लोकांपेक्षा जास्त कळतं हा तीस वर्षं जपलेला समज. गुडघे त्यांनी हिशेबात धरले होते. समज धरला नव्हता.

काटेसाहेब हे काही आडनाव नव्हे. वजनमापे खात्यात निरीक्षक असताना ते बाजारात शिरले की दुकानदार एकमेकांना ‘काटा आला’ असं खुणावत, त्यातलं ते नाव. निवृत्तीनंतर लोकांनी पुढे ‘साहेब’ जोडून ते सभ्य केलं. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली होती, बायकोला जाऊन आठ महिने. या आठ महिन्यांत घरात दोनच गोष्टी बदलल्या. रेडिओ दिवसभर चालू राहू लागला, आणि दर गुरुवारी संध्याकाळी त्यांच्या दिवाणखान्यात भरणारा बायबलचा अभ्यासवर्ग चर्चमधल्याच एका ठेकेदारांच्या घरी गेला. “तुम्हाला आता कशाला त्रास,” असं सगळे म्हणाले. काटेसाहेबांना ते माणुसकीचं बोलणं वाटलं. नव्या जागी ते दोनदा जाऊन आले, मग गेले नाहीत. दुसऱ्याच्या खुर्चीत त्यांना बोलायला सुचत नसे.

बायकोचं बायबल तिच्या उशाशी होतं तसंच होतं. एके दुपारी रेडिओवरचं गाणं मध्येच बंद पडलं, घर एकदम मोठं झालं, आणि काहीतरी हातात हवं म्हणून त्यांनी ते उघडलं. समासात पेन्सिलीनं काढलेलं एक प्रश्नचिन्ह दिसलं. अख्खं पुस्तक चाळलं. खूण ती एवढीच. जागा दोन बहिणींच्या गोष्टीची होती. प्रभू त्यांच्या घरी पाहुणा येतो, एक बहीण त्याच्या पायाशी ऐकत बसते, दुसरी कामाच्या रगाड्यात. ती तक्रार करते, तर प्रभू म्हणतो, बसलेलीनंच चांगलं ते निवडलंय.

यात विचारण्यासारखं काय होतं? या गोष्टीवर काटेसाहेब स्वतः गुरुवारच्या वर्गात दोनदा बोलले होते, आणि लोकांनी माना डोलवल्या होत्या. मग त्यांना आठवलं. एका गुरुवारी मंडळी यायच्या वेळेला ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणाली होती, “अहो, एक विचारायचं होतं. त्या दोन बहिणींचं.” तेवढ्यात बेल वाजली. ते म्हणाले, “मग बघू.” तो मग काही आला नाही.

दुसऱ्या दिवशी ते चौतीस पायऱ्या चढून धार्मिक पुस्तकांच्या दुकानात गेले. शास्त्राचा अर्थ उलगडून सांगणारे ग्रंथ जिथे ठेवले होते, त्या फळीवर जुन्या अक्षरात एकच शब्द रंगवला होता: ‘टीका’.

“कशासाठी हवीय टीका, काका?” दुकान चालवणारी बाई म्हणाली. “अभ्यासाला, प्रवचनाला, की दुपारी झोप लागायला? तिन्हींना वेगवेगळी लागते.”

“एका प्रश्नाच्या उत्तरासाठी.”

“कुठल्या प्रश्नाच्या?”

“तेच माहीत नाही.”

पुस्तकवालीनं तऱ्हेतऱ्हेची गिऱ्हाइकं पाहिली होती. तिनं स्टूल पुढे सरकवलं. “मग अख्खा संच घेऊ नका. संच कपाटासाठी असतो. दोनच घ्या, पण अशी की ज्यांचं आपसात पटत नाही. एकच घेतलीत तर तिचेच होऊन बसाल.”

काटेसाहेबांनी परीक्षा सुरू केली. बाजारात ते प्रत्येक तराजूत आपलं तेच प्रमाण वजन ठेवत. इथे प्रत्येक ग्रंथात तीच दोन बहिणींची गोष्ट उघडत. पहिल्या जाडजूड ग्रंथात बहिणींचं गाव नेमकं कुठे होतं यावर तीन पानं होती आणि बहिणींवर अर्धं. दुसऱ्यात प्रवचनकारांच्या सोयीसाठी तीन मुद्दे काढून ठेवले होते, तिन्ही ‘स’पासून सुरू होणारे. तिसरा म्हणत होता, घरकाम हे मनाच्या चंचलतेचं प्रतीक आहे. चौथा जुन्या हस्तलिखितांत कुठला शब्द जास्त आहे ते मोजत होता. तो काटेसाहेबांना जरा आपल्यातला वाटला.

“पुस्तकाची परीक्षा चाललीय की पुस्तकानं तुमची?” पुस्तकवालीनं विचारलं.

त्यांनी तिसरा आणि चौथा घेतला. आठवडाभर भिंग लावून वाचले. दोघांचं खरंच पटत नव्हतं, पण प्रश्नचिन्हाशी दोघांचीही ओळख नव्हती.

मग काटेसाहेबांनी विचार केला की मंडळीत कुणाकडे तरी जुने ग्रंथ पडून असतील. रविवारी उपासनेनंतर त्यांनी चर्चच्या सूचनाफलकावर निरीक्षकाच्या ठसठशीत अक्षरात एक चिठ्ठी लावली: ‘पवित्र शास्त्रावर टीका हवी आहे. ज्यांच्याकडे असेल त्यांनी घरी यावे. सायंकाळी पाच ते सात.’ खरं सांगायचं तर पुस्तक दुसऱ्याच्या हाती पाठवलं तरी चालणार होतं. ‘घरी यावे’ हे त्यांनी दोनदा गिरवलं.

सोमवारी पाच वाजता त्यांनी दोन कप पुसून ठेवले. सात वाजता पुन्हा आत ठेवले. मंगळवारीही तेच. बुधवारी बेल वाजली. दारात ठेकेदार, हातात वहीचा कागद, चेहऱ्यावर मोठा गुप्त आनंद.

“साहेब, तुम्ही हिंमत केलीत. माझ्या मनात किती वर्षं होतं. अकरा मुद्दे काढलेत. एवढे प्राणी एका तारवात मावले कसे, इथून सुरुवात आहे.”

काटेसाहेबांना उलगडायला बराच वेळ लागला. उलगडल्यावर ते म्हणाले, “ठेकेदार, मला ग्रंथ हवा होता. टीका म्हणजे भाष्य. अर्थ सांगणारं.”

“म्हणजे चुका नाही काढायच्या?”

“नाही.”

ठेकेदारांनी कागदाची बारीक घडी करून खिशात घातली. “मी आलो होतो हे कुणाला बोलू नका,” म्हणाले, आणि चहाला न थांबता गेले.

चिठ्ठी काढून टाकायला काटेसाहेब गेले तोवर ती कुणीतरी आधीच फाडली होती. बातमी मात्र शाबूत राहिली. पुढच्या रविवारी त्यांच्या बाकावर ते एकटेच होते. मागचा बाक दाटीवाटीनं भरला होता. खुलासा करायचा तर कुणी विचारायला हवं, आणि विचारत कुणीच नव्हतं.

विचारायला आली ती शिंपीणबाई. बायकोची मैत्रीण, महिलांच्या अभ्यासवर्गात तिच्या शेजारी बसणारी. ती दारातच उभी राहिली, मोजपट्टी अजून गळ्यात.

“भाऊजी, तिला जाऊन वर्षसुद्धा झालं नाही. आणि ती ज्या पुस्तकावर डोकं टेकवून गेली, त्याचे दोष काढायला बसलात?”

“आत तर या.”

“आत कशाला? काम टाकून आलेय.”

त्यांनी दारातच सगळं सांगितलं: दुकानातली फळी, चिठ्ठी, ठेकेदारांचे अकरा मुद्दे. शिंपीणबाईनं हसू दाबायचा प्रयत्न केला, जमला नाही. “भाष्य म्हणायचं हो सरळ. टीका म्हटलं की लोक आधी बाह्या सरसावतात.” मग ती आत येऊन बसली. काटेसाहेबांनी चहा ठेवला, साखरेचा डबा शोधला, आणि बायकोचं बायबल तिच्यासमोर उघडलं.

शिंपीणबाईनं खूण पाहिली आणि तिचं हसू गेलं.

“हे होय? हे तर तिनं आमच्या वर्गात विचारलं होतं.”

“काय विचारलं होतं?”

“ती म्हणाली, चांगलं निवडलं ते ठीक. दुसरीही मग हात पुसून खाली बसली असेल. पण मग त्या दिवशी जेवण कुणी वाढलं? पाहुणे तर आलेले.” शिंपीणबाईनं मोजपट्टीचं टोक बोटाला गुंडाळलं. “आम्ही सगळ्या हसलो. ती नाही हसली. म्हणाली, घरी विचारते, यांचं वाचन मोठं आहे.”

चहा उतू गेला, तो शिंपीणबाईनंच उठून बंद केला. कप कुठे आहेत हे तिनं विचारलं नाही. तिला माहीत होतं. चहा पिऊन ती निघाली. “येते भाऊजी. जोडाजोड अर्धी राहिलीय.” पुन्हा कधी, ते ती बोलली नाही, आणि त्यांनी विचारलं नाही.

ते दिवाणखान्यात येऊन आपल्या नेहमीच्या खुर्चीत बसले. तिथून स्वयंपाकघराचं दार दिसत नव्हतं. तीस वर्षं ते याच खुर्चीत बसून बोलले होते. चहा यायचा, जेवणाची वेळ झाली की ताटं यायची, आणि शब्द कधी तुटायचा नाही. ते उठून दारात, ती उभी राहायची तिथे जाऊन उभे राहिले. तिथून खुर्ची स्वच्छ दिसत होती. ऐकू मात्र अर्धंच आलं असतं. मोरीचा नळ मध्ये होता. वर्ग ठेकेदारांकडे का गेला, तेही त्यांना तिथे उभ्याउभ्याच कळलं.

बाजारात एखादं वजन उणं निघालं की ते नोंदवहीत दोन शब्द लिहून खाली सही करत. त्यांनी पेन्सिलीला टोक केलं. प्रश्नचिन्हाला धक्का न लावता शेजारी बारीक अक्षरात लिहिलं, ‘कमी भरले’, आणि खाली सही केली. ज्याचं वजन उणं निघालं त्याचीही सही नोंदीवर घ्यायची असते. त्यांनी शेजारी पुन्हा एकदा सही केली. इथे दोन्ही सह्या एकाच माणसाच्या होत्या.

बाकी जमाखर्च सरळ आहे. भाष्यकारांना त्यांची पानं मिळाली, वर्गाला तीस वर्षांचे गुरुवार मिळाले, काटेसाहेबांना त्यांचं वाक्य मिळालं. आणि भरलं सगळं तिनं एकटीनं, उभ्याउभ्या.