सेइगोची तहान

शहरातून न उघडता परत आलेल्या खोक्याची चिकटपट्टी कोणी काढलेली नव्हती. सगळ्यांनी आळीपाळीने तिच्यावरून बोट फिरवून खात्री करून घेतली. मग चिगुसाने सुरीने खोका उघडला आणि इशिमुरांच्या बिअरच्या छोट्या कारखान्याच्या अंगणात जमलेलं अर्धं बंदर पुढे वाकलं.

"झाकणं बघा, झाकणं!" मासेवाला ओनिझावा ओरडला.

एकाही कॅनची कडी उचललेली नव्हती. पण ओनिझावाने काढलेला कॅन रिकाम्या काडेपेटीसारखा हलका होता. त्याने तो कानाशी नेऊन हलवला. आत थेंब नाही. त्याच्या शेजारचाही तसाच, त्याच्या खालचाही. खोका मात्र आतून ओलाचिंब होता आणि बिअरचा वास मारत होता.

"समुद्रात बुडालेला माणूस," डोंगरावरचे तपस्वी जाकुएन-सामा डोळे मिटून म्हणाले, "ओलाच येणार."

बायकांनी हात जोडले. मीही तिथेच उभी होते. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी माझ्याही अंगावर काटा आला.

सेइगो हा चिगुसाचा नवरा. बिअर तोच बनवायचा. हिवाळ्यात काकांच्या होडीतून माकूळ धरायला गेला आणि होडी उलटली. काका सापडले, सेइगो सापडला नाही. चिगुसाने कारखाना चालू ठेवला आणि पार्सलने शहरांत बिअर पाठवू लागली. वसंतात एक खोका वाटेत कुठेतरी जोरात आपटला, त्यातले दोन कॅन चेपून गळले. पार्सलच्या धंद्यात असं होतंच. पण नेमके त्याच आठवड्यात जाकुएन डोंगरावरून उतरले. पांढरे कपडे, गळ्यात लाकडी मण्यांची माळ, कमरेला शंख. त्यांनी शंख फुंकला, खोका हुंगला आणि जाहीर केलं, "मुलगा तहानलेला आहे!"

त्याला खोक्यांपासून दूर ठेवायचा उपाय त्यांच्याजवळ तयारच होता. सात धबधब्यांखाली मंत्रून शुद्ध केलेलं मीठ. प्रत्येक खोक्यात, कॅनच्या मधोमध, एकेक मूठ. आमच्याकडे अंत्ययात्रेहून परतल्यावरही अंगावर मीठ टाकतात, त्यामुळे कोणाला त्यात वावगं वाटलं नाही. आणि मीठ पडू लागल्यापासून रिकामे कॅन वाढतच गेले.

"वाढणारच!" जाकुएन म्हणायचे. "तो चिडलाय. मूठ मोठी करा."

मी इथल्या शाळेत विज्ञान शिकवते; सगळे मला सेन्सेई, म्हणजे बाई, म्हणतात. असल्या बोलण्याने माझं डोकं फिरतं. तरी मी गप्प बसले असते, कारण दुःखातल्या घरात शिरून वाद घालणं बरं दिसत नाही. पण त्याच दिवशी, दिवेलागणीला, मला सेइगोची आई ताने-सान बंदराच्या धक्क्यावर दिसल्या. शेवाळलेल्या पायऱ्यांवरून त्या खाली उतरत होत्या. हातात बिअरचा कॅन होता.

"ताने-सान! अहो, पाय घसरेल!"

"सेन्सेई? या ना. बघा, आज आणखी एक पायरी उतरले." त्यांनी बिअर पाण्यात ओतली. "जाकुएन-सामा म्हणतात, ओबोनच्या दिवशी, पितरं घरी येतात तेव्हा, तो दारापर्यंत येईल, पण आत येता येणार नाही. रक्ताच्या माणसाने पाण्यापर्यंत घ्यायला जायला हवं."

"आणि मग?"

"मग काय? तो हात देईल." त्यांनी बोट ओठांवर ठेवलं. "ऐका. पितोय."

धक्क्याखालच्या काँक्रीटच्या ठोकळ्यांमधून आवाज येत होता. गटक, गटक. कोणीतरी घाईघाईने घोट घ्यावेत तसा. लाट फटीत शिरली की असा आवाज होतो, हे मी स्वतः मुलांना शिकवलं आहे. तरीही त्या अंधुक उजेडात मी ताने-सानचा हात घट्ट धरला आणि मागे न बघता त्यांना वर आणलं. म्हातारी हलकी झाली होती. ओबोनला त्या पाण्यात उतरणार आणि परत येणार नाहीत, हे मला स्पष्ट दिसलं.

रिकामा एक कॅन मी घरी नेला. बुडाजवळ हाताला खरखर लागली. पांढरी पुटं होती. जिभेवर लावली तर खारट! मग मात्र माझी भीती पळाली आणि राग आला.

दुसऱ्या दिवशी मी जाकुएनना फार गोड बोलून म्हटलं, "माझ्या नागोयाच्या बहिणीला खोका पाठवायचाय. तुमच्या हातानेच मीठ घाला ना." ते खूश झाले. दोन मुठी घातल्या, वर शंख फुंकला. त्याच दिवशी, त्याच बिअरचा दुसरा खोका मी बिनमिठाचा भरला. दोन्हींच्या चिकटपट्टीवर ओनिझावाने सही केली. बहिणीला कळवलं, काही दिवस ठेव आणि न उघडता परत पाठव.

ओबोनच्या आदल्या दिवशी दोन्ही खोके अंगणात आले. पुन्हा तीच गर्दी. जाकुएन मीठवाल्या खोक्याशी उभे होते. तो उघडला. ओला, निम्मे कॅन रिकामे.

"बघा! उद्या आईने गेलंच पाहिजे!"

"थांबा," मी म्हणाले. "ओनिझावा-सान, हा दुसरा उघडा."

दुसरा कोरडा. सगळे कॅन भरलेले.

"हा बिनमिठाचा आहे. प्रवास तोच, गाडी तीच. मीठ तर सेइगोला हाकलायला होतं ना? मग मीठ नाही तिथे तो का आला नाही?"

"आत्म्याची इच्छा..." जाकुएन माळ ओढत म्हणाले.

"त्याला खारवलेलं आवडायला लागलं असेल!" ओनिझावा म्हणाला. मागून कोणीतरी फिस्सकन हसलं.

मी घमेल्यात गरम पाणी मागवलं आणि रिकामा कॅन चिमट्याने बुडवला. आतली हवा तापली आणि बुडाजवळून बारीक बुडबुड्यांची दोरी वर आली. टाचणीच्या टोकाएवढं छिद्र. "गार कॅनला दमट हवेत घाम येतो. त्यात हे मीठ विरघळतं आणि पातळ पत्रा खातं. वर गाडीच्या हादऱ्यांनी खडे घासतात. समुद्राकाठी राहता ना तुम्ही? आपल्या खिडक्यांच्या चौकटी कोण खातं, भुतं?"

 जाकुएन हळूच फाटकाकडे सरकले. त्यांना कोणी अडवलं नाही.

ताने-सान पुढे आल्या. "म्हणजे तो पीत नव्हता?"

"नाही."

"तहानलेला नाही?"

"नाही, ताने-सान. त्याला आता काहीच लागत नाही."

"म्हणजे तो..." त्यांनी घमेल्यातल्या कॅनकडे पाहिलं. "म्हणजे तो नाहीच." हिवाळ्यापासून न रडलेली ती बाई अंगणातच बसली आणि ओरडून रडली. चिगुसाने तिला कुशीत घेतलं. मला फार वाईट वाटलं. पण मी बोललेलं मागे घेतलं नाही.

नंतर काहींनी मला सुनावलं, की म्हातारीचा आधार काढून घेतलास. तो आधार तिला पाण्यात घेऊन चालला होता! उपाय सुरू केल्यावर दुखणं वाढत असेल, तर देवऋषी मोठी मूठ मागतो. तुम्ही मूठ थांबवून बघा. इतकंच करायचं असतं, आणि नेमकं तेवढंच आपण करत नाही.

ओबोनला ताने-सान धक्क्यावर गेल्या नाहीत. घरच्या देव्हाऱ्यात सेइगोच्या फोटोपुढे त्यांनी बिअरचा भरला पेला ठेवला. सकाळी तो भरलेलाच होता. त्यांनी अर्धा सुनेला दिला, अर्धा स्वतः प्यायल्या.

"कोमट झालीये," त्या म्हणाल्या. "पण चांगली बनवलीस, पोरी."