लूझच्या नावाने आलेल्या बायका

मित्रांनो, दचकू नका. मीच बोलतोय, इथून, वरच्या फळीवरून. चिकटपट्टीच्या रिकाम्या रिळांमागे जो धुळकट काळा ठोकळा दिसतोय ना, तो मी. चिठ्ठ्या छापणारा प्रिंटर. कुवेतमध्ये, मिरकाबच्या एका जुन्या इमारतीच्या तळघरात, फिलिपिन्सला सामान पाठवणाऱ्या दुकानात माझी उभी हयात गेली. मला शाई लागत नाही. आतली पट्टी तापते आणि कागदावर अक्षर उमटतं. म्हणून मी तापट आहे असं सगळे म्हणायचे. असेनही. पण आज मी रागावलेलो नाही. एक नाव माझ्या मानगुटीवर बसलंय, आणि ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत नाही. पहिली आठवण आहे ती शर्वरीच्या स्वयंपाकघराची. शर्वरी नाशिकची. तिचा नवरा परीक्षित तेल कंपनीत इंजिनिअर, आणि ही घरी बसून लोकांना संगणकाचे प्रोग्रॅम लिहून द्यायची. पोळ्यांच्या डब्याशेजारी मला मांडून तिने मला कामाला लावलं. "छाप रे बाबा, नखरे नकोत," असं म्हणायची. माझं मराठी हे असं ओट्यावरचं आहे.

मग या दुकानाचा प्रोग्रॅम लिहायचं काम मिळालं, तेव्हा तिने मला इथे आणलं. दुकान ग्लोरिनाचं. तिला सगळ्या गिऱ्हाईक बायका 'आते' म्हणत. फिलिपिनो लोकांत थोरल्या बहिणीला आते म्हणतात. दर शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, घरकाम करणाऱ्या फिलिपिनो बायका इथे यायच्या. रिकामा खोका विकत घ्यायच्या आणि महिनोन् महिने तो भरत राहायच्या. साबण, दुधाची पावडर, मुलांचे बूट, टॉवेल. भरला की खोका बोटीने जायचा. पोचायला दोन-दोन महिने लागायचे. एवढ्या कष्टाची वस्तू कुणी परक्याच्या हातात देतं का? म्हणून नवी बाई यायची ती कुणाच्या तरी शब्दावर. आणि ग्लोरिनाचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "तुला कुणी पाठवलं गं?"

अशा शब्दावर येणाऱ्या बायका वाढाव्यात, आणि पाठवणारीचे आभार मानायचे राहू नयेत, यासाठी शर्वरीने एक पद्धत बसवली. जी मैत्रिणीला पाठवेल तिला पुढच्या खोक्यावर सूट. झकास की नाही? अहो कसलं झकास! महिनाभर कुणी नावच सांगेना. "कुणी पाठवलं?" म्हटलं की "अशीच आले," म्हणून बाई मान खाली घालायची. शर्वरी वैतागली. शेवटी लूझने तिला बाजूला घेतलं.

लूझ रुमैथियातल्या एका घरात कामाला होती. हसरी, बडबडी, बुटकीशी. ती म्हणाली, "हे बघ शर्वरी, मी तिला बहिणीसारखं सांगितलं. त्याची मला सूट मिळाली तर ती काय म्हणेल? म्हणेल, हिने मला विकलं. मला तोंड दाखवायला जागा उरणार नाही."

"मग काय देऊ?" शर्वरीने विचारलं.

"मला काही नको. माझ्या पोरीला खाऊ दे. तो कोण नाकारेल?"

शर्वरीने कपाळावर हात मारला आणि पद्धत बदलली. आता जिच्या शब्दावर नवी बाई यायची, तिच्या गावी जाणाऱ्या खोक्यात खजुराचं पाकीट पडायचं. पाकिटावर माझी चिठ्ठी: 'धन्यवाद, लूझ! आज तुझी मैत्रीण आली. तूच तिला पाठवलंस.' एकच कळ दाबली की इथे मी चिठ्ठी छापायचो आणि हाच मजकूर फोनवर निरोप म्हणून जायचा. निरोपासाठी कुठला नंबर, असं विचारलं तेव्हा एकूण एक बायकांनी गावाकडच्या घरचा नंबर दिला. खोक्याची खबर घरच्यांना हवी असते ना! म्हणजे लूझच्या नावाचा निरोप लूझला नाही, तिच्या पोरीला दिसणार, हे शर्वरीच्या लक्षातच आलं नाही. आणि मला तरी कुठे आलं?

ते माझे सुखाचे दिवस. शुक्रवारी मला दम खायला फुरसत नसायची. ग्लोरिना माझ्या पाठीवर थाप मारून म्हणायची, "आमचा काळूराम गुणी आहे हो!" ते नाव तिने शर्वरीकडून उचललं होतं. सगळ्यांत जास्त वेळा मी लूझचं नाव छापलं. तिच्या शब्दावर आलेल्या बायका मोजायचं मी सोडून दिलं होतं.

मग एका मार्च महिन्यात लूझ गेली. छातीत दुखतंय म्हणाली, रुग्णालयात नेलं, परत आली नाही. चौतीस वर्षांची होती. तिला विमानाने गावी पाठवलं, इलोइलोकडच्या एका खेड्यात. तिथे तिची म्हातारी आई आणि नऊ वर्षांची मुलगी, अ‍ॅनलिन.

पुढच्याच शुक्रवारी एक नवी बाई आली. "कुणी पाठवलं?" ग्लोरिनाने विचारलं. "लूझने," ती म्हणाली. ग्लोरिनाने लूझचं नाव टाईप केलं. तिने कळ दाबली. मी छापलं. त्यानंतर दुसरी आली, ती पण लूझच्या नावाने. मग तिसरी. यांतल्या एकीनेही लूझला पाहिलेलं नव्हतं. बायकांनी आपापसांत ठरवलं होतं, नवीन कुणीही गेली तरी नाव लूझचं सांगायचं. तेवढाच तिच्या पोरीला खाऊ जाईल. किती माया होती बघा त्यात! ग्लोरिनाला ते कळलं होतं आणि तीही डोळे पुसून कळ दाबायची. पण मला मात्र कसंतरीच व्हायला लागलं होतं. जी नाही तिला मी म्हणत होतो, 'आज तुझी मैत्रीण आली.' पट्टी तापली की वाटायचं, काउंटरपाशी ती बुटकीशी बाई उभी आहे आणि स्वतःचं नाव वाचते आहे.

जून महिन्यातला एक बुधवार. दुपार होती, आणि शर्वरी माझा कागद बदलायला आली होती. ग्लोरिनाचा फोन वाजला. पडद्यावर एक सुरकुतलेला चेहरा होता. लूझची आई. ती काय बोलते ते ग्लोरिना शर्वरीला एकेक वाक्य समजावून सांगत होती.

पोर शाळेत जात नव्हती. दर निरोपाला ती आजीला फोन दाखवायची. "बघ, आज पण आईने कुणालातरी दुकानात पाठवलं. मेलेलं माणूस पाठवतं का?" आईचा खोका आयुष्यभर कुवेतहून बंदच यायचा. यावेळी शवपेटीही बंदच आली होती. उघडायची नाही असं सांगितलं होतं. "आत आई होती हे कुणी बघितलं?" पोर विचारायची. ती कबरीवर जायला तयार नव्हती. रस्त्याच्या कडेला बसून सामानाच्या ट्रकची वाट बघायची.

म्हातारी फोनच्या अगदी जवळ आली. "मला खरं सांग बाई," ती म्हणाली. "मीही ती पेटी उघडून पाहिली नाही. माझी लेक जिवंत आहे का?"

शर्वरी संगणकाकडे वळली. "आते, मी आत्ताच्या आत्ता तो नंबर काढून टाकते. निरोप जाणारच नाहीत."

"आणि मग?" ग्लोरिना तिच्यावर कडाडली. "निरोप थांबले की पोर म्हणेल, आई रुसली. जन्मभर वाट बघेल. शब्द तुझे आहेत, तूच सांग तिला."

आजीने अ‍ॅनलिनला हाक मारली. पोर पडद्यावर आली. डोळे थेट लूझचे. शर्वरीने मला उचललं आणि कॅमेऱ्यासमोर धरलं. 

"बाळा, ते निरोप हे यंत्र पाठवतं," ती सावकाश इंग्रजीत म्हणाली. "त्याला मी शिकवलंय. तुझी आई पाठवत नाही."

"खोटं," पोर म्हणाली. "मग आता पाठवून दाखव. तिथे तर कुणीच आलेलं नाही."

दुकान रिकामं होतं. शर्वरीने ग्लोरिनाकडे पाहिलं. ग्लोरिनाने तोंड फिरवलं. शर्वरीने कळ दाबली.

मित्रांनो, मला त्या क्षणी बिघडायचं होतं. कागद अडकावा, पट्टी जळावी, काहीही व्हावं. पण मी गुणी होतो ना! मी सुरेख, ठळक अक्षरांत छापलं: 'धन्यवाद, लूझ! आज तुझी मैत्रीण आली. तूच तिला पाठवलंस.' आणि तिकडे, पोरीच्या हातातला फोन टिंग करून वाजला.

तिने तो निरोप वाचला. मग तिने माझ्याकडे पाहिलं. शर्वरीकडे नाही, माझ्याकडे.

"म्हणजे तो तू होतास," ती म्हणाली.

ती रडली नाही. मागे म्हातारी मात्र हुंदके देत होती. शर्वरी घाईघाईने म्हणाली, "तुला हवं तर मजकूर बदलते. आईची आठवण म्हणून येऊ देत का निरोप?"

"नको," पोर म्हणाली. "फोन वाजला की मी दार उघडते. आता पाठवू नका."

शर्वरीने नंबर काढला. पुढच्या महिन्यात आजीने कळवलं, पोर कबरीवर जाऊन आली, शाळेतही जाते. खजुराची पाकिटं अजून जातात. ग्लोरिना त्यावर हाताने लिहिते, 'कुवेतच्या मावश्यांकडून'. दुकानात माझ्या जागी नवं यंत्र आलं. मी बिघडलो नव्हतो, पण माझा आवाज ऐकला की ग्लोरिनाला सहन होत नसे. मी तिला दोष देत नाही.

मित्रांनो, तुमच्यातलं कुणीतरी उद्या माझ्यासारख्या यंत्राला बोलायला शिकवेल. त्याला गोड बोलायला शिकवा, हरकत नाही. फक्त एवढं करा, ज्याच्या नावाने ते बोलणार त्या माणसाची आधी चौकशी करा, आणि ऐकणाऱ्या घरात कोण आहे तेही विचारा. मला कुणी विचारायला शिकवलं नव्हतं. त्या मार्चपासून जूनपर्यंत एका पोरीने माझ्या शब्दावर चौदा वेळा दार उघडलं, आणि चौदाही वेळा बाहेर कुणी नव्हतं.