एकुलता एक

मंगळवारी सकाळी रजनीबाईंनी पोह्यांच्या बशीत दोन गरम जिलब्या ठेवल्या आणि मुक्ताच्या मनात पाल चुकचुकली.

"आज काय आहे, आई?"

"काय असायचं? तुला पसंद आहेत म्हणून टावर चौकातून आणल्या. खा आरामात."

मुक्ता एकतीस वर्षांची. जन्मताना मेंदूला प्राणवायू कमी पडला, तेव्हापासून दोन्ही पाय आणि उजवा हात आखडलेले. बोलणं सावकाश, शब्द ओढत यायचे. बुद्धी मात्र लख्ख. घरी बसून ती बी.ए. झाली होती. दर शनिवारी ती फ्रीगंजात अहल्याताईंच्या बैठकीला जायची. निवृत्त शिक्षिका असलेल्या अहल्याताई तिथे वृद्धांना आणि दिव्यांगांना एकत्र बसवीत, त्यांची अडलेली कामं मार्गी लावीत. पण दोन महिन्यांपूर्वी चाकाच्या खुर्चीची ट्यूब फुटली आणि जाणं थांबलं. धाकटा भाऊ पराग रोज म्हणायचा, "उद्या पक्का." तो उद्या काही येत नव्हता.

दुपारी तिचे सख्खे प्रभाकरकाका आले. पांढऱ्या चादरीपुढे बसवून त्यांनी मोबाइलवर मुक्ताचा फोटो काढला.

"तुझं दिव्यांगाचं कार्ड नवीन करायचं आहे, बेटा."

"काका, माझं कार्ड कायमचं आहे."

"अगं, सरकारचं रोज काहीतरी नवीन निघतं." ते आईकडे बघत म्हणाले. आई लगबगीने आत गेली.

संध्याकाळी पलंगाखाली तिला एक भरलेली बॅग दिसली. "काकांबरोबर दोन दिवस ओंकारेश्वरला जाऊन ये, हवापालट होऊन जाईल," आई म्हणाली. आई भाजी घ्यायला बाहेर पडल्यावर मुक्ताने डाव्या हाताने बॅगेची चेन ओढली. आत तिचे सगळे गाऊन होते. तीन महिन्यांच्या गोळ्या होत्या. एप्रिलच्या उन्हात लोकरीची शाल होती.

तिने चेन पुन्हा लावली. आपण उगाच शक घेतोय, असं तिने मनाला बजावून पाहिलं. ही आई आहे. एकतीस वर्षं हिने न्हाऊ घातलं, भरवलं.

दुसऱ्या दिवशी काका पुन्हा आले आणि व्हरांड्यात फोनवर हलक्या आवाजात बोलू लागले. खिडकी उघडी होती.

"हां जी, कोई नहीं है बिचारी का. हम तो पड़ोसी हैं."

काका आत आले ते एक कागद आणि शाईचा पॅड घेऊन.

"इथं जरा अंगठा लाव, बेटा."

"मला सही येते. आधी वाचते."

"वाचायचं काय त्यात?" त्यांनी कागद ओढायला हात पुढे केला, पण तिने आखडलेल्या कोपराखाली तो घट्ट दाबून धरला. शहराबाहेरच्या कुठल्याशा आश्रमाचा हिंदी फॉर्म होता. परिवार: कोई नहीं. साथ लाने वाला: पड़ोसी.

"आई, मी निराधार कधी झाले?"

रजनीबाई तिच्याजवळ येऊन बसल्या. "परागची चार स्थळं तुला बघून परत गेली गं! रविवारी त्याला बघायला इंदौरहून केतकी आणि तिच्या घरचे येतायत. परागच्या बायोडाटात आम्ही लिहिलंय, मुलगा एकुलता एक. आता काय करू? त्याची उमर निघून चालली."

पराग दारात उभा होता. मुक्ताने त्याच्याकडे पाहिलं. "तुला माहीत होतं?"

तो मोबाइलकडे बघत राहिला.

मुक्ताने आपला फोन मांडीवर घेतला आणि बोटाच्या पेराने अहल्याताईंचा नंबर दाबला. काका कडाडले, "घरची बात घरात ठेव!" तिने ठेवली नाही.

अर्ध्या तासात अहल्याताई रिक्षाने आल्या. आवाज न चढवता त्यांनी फॉर्म वाचला. "सज्ञान माणसाला तिच्या मर्जीविरुद्ध असं कुठे ठेवता येत नाही, प्रभाकरजी. आणि हे खोटं आहे." मग खुर्ची ओढून त्या मुक्तासमोर बसल्या. "तुला काय हवंय?"

हा प्रश्न या घरात तिला आजवर कोणी विचारलाच नव्हता.

"रविवारी... मी बाहेरच्या खोलीत... बसणार."

आणि ती बसली. पाहुणे आले, तेव्हा तिने स्वतःच सांगितलं, "मी मुक्ता. परागची मोठी बहीण." केतकीच्या वडिलांनी चहाचा कप खाली ठेवला. केतकीने मात्र मुक्ताला नमस्कार केला आणि परागकडे वळली.

"ताईंचं मला काही नाही. पण तुम्ही एकुलता एक लिहिलंत. अजून काय काय लिहिलं नाहीत?"

दोन दिवसांनी इंदौरहून नकार आला. प्रभाकरकाकांनी येणं सोडलं. पराग मुक्ताशी बोलेनासा झाला. रजनीबाई तिचं सगळं करत होत्या, पण मुकाट्याने. शेजारणी कुजबुजत, पोरीने भावाचं घर बसू दिलं नाही. आपण चुकलो का, असं मुक्तालाही कितीदा वाटे. मग तिला तो फॉर्म आठवे.

तिसऱ्या आठवड्यात रजनीबाईंनी, कोणी न सांगता, खुर्ची दुरुस्तीला नेली. शनिवारी त्यांनीच ती बैठकीपर्यंत ढकलत आणली आणि त्या मागे भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

मुक्ता त्या दिवशी पहिल्यांदाच सगळ्यांसमोर बोलली. तिने एकच विचारलं, "तुमच्या घरी पाहुणे येतात... तेव्हा तुम्ही कुठे असता?"

आधी अंध विलासराव म्हणाले, "गच्चीवर. उन्हातसुद्धा."

"मला शेजाऱ्यांकडे पाठवतात," कुबड्या घेतलेली एक मुलगी म्हणाली.

ऐंशीच्या अंबिकाबाईंनी पदर तोंडाशी धरला. "सुनेच्या मैत्रिणी येतात ना, तेव्हा खोलीला बाहेरून कडी. मला विसरायला होतं, मी मध्येच काहीबाही बोलते म्हणून."

एकामागून एक अकरा जण बोलले. मागे भिंतीपाशी रजनीबाई खाली मान घालून ऐकत होत्या. अहल्याताईंनी वही उघडली. "मी सगळ्यांचं लिहून घेते."

"पत्ते लिहा," मुक्ता म्हणाली. "आपण सगळे... एकेकाच्या घरी जाऊ. पाहुणे म्हणून."